एका हाताची चानकी

औसा तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलंय. सांगणारी आजी आहे आणि लिहून घेणारी तिची नववीतली नात. थोडं कमी करून देते.

“ताई, माझं वय 58. मला लकवा मारला त्याला आठ महिने झाले. उजवा हात, उजवा पाय. पाय सुधारला, काठी धरून न्हाणीपर्यंत जाते. हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवला तिथंच राहतो. सून दोन्ही टायमाला भरवायलीय. सून गुणाची आहे, तिला नावं ठेवत नाही. पण तिला शेतात जायचं असतंय, एक घास गेला की दुसरा तयार. मला जेवणच जाईना. ताटात उजव्या अंगाची भाजी तशीच राहती, तर म्हणती आत्याबाई नखरे करायल्यात. पाणी पिताना ठसका लागतो. डाव्या हातानं खायची लाज वाटती. नातीनं मोबाइलवर एक चमचा दाखवला, हात हलला तरी चमचा हलत नाही म्हणे. लई महाग आहे, लेक म्हणतो घेऊ. घ्यावा का? आणि हसू नका, येळवसेला (वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला) मी चार घरच्या भाकरी बडवायची. औंदा मला कुणी चुलीपुढं बसू देईना. एका हातानं भाकरी होती का?”

खाली नातीची स्वतःची ओळ आहे : “ता. क. माझ्या मैत्रिणीला दिसत नाही. तिला घरी चहासुद्धा करू देत नाहीत. तिच्यासाठी पण सांगा.”

मावशी,

होते. एका हातानं भाकरी होते. लहान होते, कडेला चिरते, पहिले काही दिवस तव्यावर टाकताना दुमडते, पण होते. मी समोर बसून होताना पाहिली आहे, आणि करणाऱ्या लातूरच्या बाईंनी ती मलाच वाढली. भाकरीपर्यंत आपण येऊच. त्याआधी ठसक्याचं बोलते, कारण ते भाकरीहून तातडीचं आहे.

ठसका तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलात. मला पत्रातली तीच ओळ सगळ्यात मोठी वाटली. लकव्यात हातापायांसारखेच गिळायचे स्नायूही ढिले पडतात. पाणी, चहा, पातळ ताक घशातून भरकन उतरतं, श्वासनळीची वाट वेळेवर बंद होत नाही आणि थेंब फुप्फुसाकडे जातात. त्यातून ताप, कफ, न्यूमोनिया. काहींना ठसकासुद्धा लागत नाही, जेवल्यावर आवाज तेवढा ओला, घोगरा येतो. म्हणून लातूर, अंबाजोगाई, जिथं तुमचं दाखवणं चालू असेल तिथं “गिळण्याची तपासणी करायचीय” असं तोंडानं सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय कुणी विचारेलच असं नाही. हे काम स्पीच थेरपिस्ट करतात.

तोवर पलंगावर रेलून, आडवं होऊन काही खायचं-प्यायचं नाही. तांब्या वर धरून घशात धार सोडायची आपल्याकडे सवय असते, ती आजपासून बंद. मान मागं गेली की घशातली चुकीची वाट उघडी पडते. पाणी पेल्यानं, लहान घोट, आणि एक घोट पूर्ण उतरल्यावरच दुसरा. जेवल्यावर अर्धा तास ताठ बसायचं. उजव्या गालात घास साठून राहिलाय का ते जीभ फिरवून, नाहीतर बोटानं बघायचं, कारण त्या बाजूला तो असला तरी कळत नाही. घट्ट आंबील, घुटं, मऊ खिचडी तुम्हाला पाण्यापेक्षा सोपी जाईल, पण किती घट्ट हवं ते तपासणाऱ्याला ठरवू द्या. ठसक्याच्या भीतीनं पाणीच सोडलंत असं मात्र करू नका.

सूनबाई, हे तुम्हीही वाचत असाल. पहिला घास घशात असताना दुसरा ओठाशी आला की ठसका जास्त लागतो. तुमची घाई मला समजते. शेतातली बाई किती वाजता निघते आणि तिच्यामागं किती कामं असतात हे मी पाहिलंय. म्हणूनच पुढं जे सांगणार आहे ते तुमच्या मानेवरचं ओझं कमी करायला आहे. त्यांना चार दिवस जेवायला पाऊण तास लागेल. त्या पाऊण तासात तुम्ही शेजारी असा, हाताशी पाणी असू द्या, पण घास त्यांचा त्यांना घेऊ द्या. गिळणं नीट आहे अशी तपासणाऱ्यानं खात्री दिली की तुम्ही खुशाल शेतात जा.

आणि उजव्या अंगाची भाजी. ते नखरे नाहीत हो. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की उजवा हात-पाय जातो, आणि कधी कधी उजवीकडची अर्धी नजरही जाते. डोळे दोन्ही धड असतात, पण उजवीकडचं चित्र मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि माणसाला आपल्याला दिसत नाही हेही कळत नाही. घरच्या घरी बघा : मावशींच्या नाकासमोर तुमचं बोट धरा, त्यावरच नजर ठेवायला सांगा, आणि दुसऱ्या हाताची बोटं उजवीकडून हळूहळू आत आणा. “दिसलं” केव्हा म्हणतात ते डाव्या बाजूशी ताडून बघा. फरक असेल तर डॉक्टरांना सांगा. जेवताना उपाय सोपा आहे. अर्धं जेवण झालं की ताट अर्धं फिरवायचं, राहिलेली भाजी डावीकडे येते. ताटाच्या उजव्या कडेखाली लाल फडकं ठेवा आणि “लाल दिसेपर्यंत मान वळवा” ही सवय लावा. हीच गोष्ट स्वयंपाकात जिवावरची आहे. उजवीकडची पेटलेली शेगडी त्यांना दिसणार नाही, म्हणून शेगडीची फक्त डावी बाजू वापरायची.

आता तो चमचा. लेकाला सांगा, घेऊ नको. ते यंत्र कंपवातासाठी आहे, ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी. दांड्यात सेन्सर आणि मोटर असते, हात एकीकडे थरथरला की मोटर चमच्याचं तोंड उलट बाजूला सरकवते आणि वरण सांडत नाही. वस्तू खरंच चांगली आहे. पण तुमचा हात थरथरत नाही, तो उचललाच जात नाही, आणि तो चमचा हात उचलून देत नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण माझ्या वडिलांसाठी, आमच्या दादांसाठी, मीच चुकीची वस्तू आणली होती. त्यांनाही उजव्या बाजूचा लकवा झाला होता. दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्यांचा कागद मिळाला, पण हा माणूस आता जेवणार कसा, हे कुणी दाखवलं नाही. मी बाहेरून वाकड्या मानेचे, जाड मुठीचे चमचे मागवले. ते मांडणीवर तसेच राहिले. दादा रोज म्हणायचे, भूक नाही. कितीतरी दिवस आम्ही भूक वाढायचं औषध देत होतो. मग एका संध्याकाळी आईनं सहज त्यांच्यापुढं सरळ काठाची खोल थाळी ठेवली आणि भाकरी दुधात कुस्करून दिली. ते डाव्या हातात साधा चमचा धरून जेवायला लागले. चमचा थाळीच्या काठाला लागून टण्‌ वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभं राहून तो आवाज ऐकत होतो. त्या दिवशी दोन भाकरी गेल्या. त्यांना भूक होती, पण लेकीच्या हातून भरवून घेणं त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेले की आधी विचारते, तुम्हाला काय खायचंय, कसं खायचंय. वस्तूचं नंतर.

तुम्हाला काय करायचंय ते तुम्ही न विचारता सांगितलंत, त्यामुळं माझं काम सोपं झालं.

जेवणापासून सुरू करू, आणि आजच करू. डाव्या हाताची लाज वाटते म्हणता. आपल्या घरांत डाव्या हातानं ताटाला शिवलेलं चालत नाही, पंगतीत लेकराच्या हातावर फटका बसतो, हे सगळं मी त्याच घरांत वाढून पाहिलंय. पण मावशी, आता तुमचा डावा हातच उजवा आहे. कुणी विचारलंच तर नातीला सांगू द्या, “आजीचा हा हात कामाला आहे.” पाहुण्यांत पहिल्यांदा अवघड जाईल. म्हणून आधी पंधरा दिवस घरच्यांत जेवा, हात सरावला की पंगत.

शंका खरी असते ती वेगळीच, आणि बायका ती बोलत नाहीत : न्हाणीत, संडासातही तोच हात. त्याची सोय करा. संडासात हाताशी पाण्याचा जेट बसवून घ्या, प्लंबर तासाभरात बसवतो. नखं नातीकडून दर आठवड्याला कापून घ्या. एका हातानं तोच हात साबणानं चोळता येत नाही, तर मोरीजवळ भिंतीला नखांचा ब्रश पक्का बसवा, त्याला साबण लावा आणि हात त्यावर घासा. आणि जेवण चमच्यानं करा. मनातली किळस त्यानं बरीच जाते.

ताट कोणतं? पसरट, उतरत्या काठाचं नको. डाव्या हातानं ढकललेला भात काठावरून चटईवर जातो. परातीसारखा उभा काठ हवा, म्हणजे चमचा काठाला टेकला की घास आपोआप चमच्यात चढतो. बाजारात ताटाला लावायचे वेगळे काठही मिळतात, पण भांड्यांच्या दुकानात उभ्या काठाची स्टीलची थाळी असतेच. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं करून पिळलेलं फडकं. फ्रिजच्या कप्प्यात अंथरतात ती रबरी जाळीही चालते. डाव्या हाताची पकड सुटत असेल तर चमच्याची मूठ जाड करा. एसी बसवणारे तांब्याच्या नळीवर काळा फोमचा नळा चढवतात, त्याचा वीतभर तुकडा मागून आणा आणि दांड्यावर सरकवा. सायकलच्या हँडलची रबरी मूठसुद्धा बसते. ज्यांना मूठ मिटताच येत नाही त्यांच्यासाठी तळहाताभोवती वेल्क्रोचा पट्टा आणि त्यात चमचा खोचायचा खिसा असतो. तो गावचा शिंपी शिवून देतो. तुम्हाला सध्या त्याची गरज दिसत नाही, पण वाचणाऱ्यांत कुणाला असेल.

उजवा हात मांडीवर ठेवू नका. तो ताटाशेजारी, डोळ्यांसमोर ठेवा. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगानं होते हे खरं, पण आठ महिन्यांनी दार बंद झालेलं नसतं. हात कामाजवळ असला की कामात येण्याची शक्यता राहते. उचलताना मात्र डाव्या हातानं मनगट ओढू नका आणि कुणाला ओढू देऊ नका. ढिल्या खांद्याचा सांधा निखळायला येतो. कोपराखालून आधार देऊन उचला.

आता स्वयंपाक.

जमिनीवर बसणं सध्या नको, पाटावरून तोल गेला तर सावरायला हात नाही. साधं, न डुगडुगणारं टेबल घ्या, अडीच फूट उंच. दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले. उभ्यानं करायचा हट्ट धरू नका, दमलेल्या पायावर चटके जास्त बसतात. ओट्याची उंची बसून काम करायला जास्त पडते, हे तुमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांना सांगायला नको. किल्लारी तिथलीच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात कण्याला मार बसलेली एक बाई मला नंतर कैक वर्षांनी भेटली. तिच्या नवऱ्यानं ओटा फोडून खाली आणला होता, खालचं कपाट काढून टाकलं होतं, गुडघे आत जातील एवढी जागा केली होती. चाकाच्या खुर्चीत बसून ती दहा माणसांचं करायची.

पहिल्याच दिवशी भाकरीला हात घालू नका. येळवस आहे ना, मग उंड्यांपासून सुरू करा. उंडा वळायला एकच तळहात लागतो. पिठाचा गोळा परातीच्या काठाशी ढकलत फिरवला की गोल होतो, वाफवायचं काम घरचे करतील. परात फिरू नये म्हणून खाली चुंबळ ठेवा, डोक्यावर घागर घेताना करायची तीच, कापडाची, ओली करून. परदेशातल्या पुस्तकात भांडं धरून ठेवणाऱ्या रबरी कड्यांची चित्रं असतात. ती पाहिली तेव्हा मला आजीची चुंबळ आठवली. उजवा हात परातीच्या काठावर नुसता ठेवा, वजन म्हणून. पीठ भिजवताना त्याच्यावरून पाणी, पीठ जाऊ दे, स्पर्श होऊ दे. पाणी मात्र आधी डाव्या हातानं तपासा, कारण उजव्याला गरम कळेलच असं नाही.

दुसरं धपाटं. पिठाचा गोळा ओल्या फडक्यावर थापून फडक्यासकट उचलायचा तर दोन हात लागतात. त्याऐवजी थापणं तव्यावरच करा. तवा गार असताना तेल लावून टेबलावर ठेवा, त्याखाली फडकं, पाण्याचा हात घेत थेट तव्यात थापा, मग दांडा धरून तवा शेगडीवर. दोन तवे ठेवले तर एक तापतो तोवर दुसरा गार होतो. दांड्याचा हलका तवा घ्या, बिडाचा नको. उलटताना तवा फिरतो, ही सगळ्यांची तक्रार असते. गावच्या वेल्डरकडून शेगडीच्या कडेला लोखंडाची दोन बोटं उभी करून घ्या, दांडा त्यांच्या मध्ये अडकतो आणि तवा जागचा हलत नाही.

मग भाकरी. तुम्ही गार पाण्यात मळून, हातावर फिरवून करत असाल. आता उकड काढा. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळं पीठ धरून ठेवणारं काही नसतं आणि दुसरा हात कडा सावरायला नसला की ती लगेच चिरते. उकळत्या पाण्यात पिठातला स्टार्च शिजतो, चिकटतो, आणि दुसऱ्या हाताचं थोडं काम तो करतो. पातेल्यात पाणी उकळलं की शेगडी बंद, वाटीनं पीठ आत, लाटण्याच्या टोकानं हलवून झाकण. पातेलं उचलायचं नाही. कोमट झाल्यावर पळीनं पीठ परातीत काढायचं. टेबल तुमच्या पोटाला लागेल इतकं जवळ घ्या आणि मनगटानं नव्हे तर खांदा पुढं झुकवून तळहाताच्या टाचेनं मळा, अंगाचं वजन वापरा.

आणि चानकी करा. लेकरांसाठी करत होता तीच, तळहाताएवढी. मोठ्या भाकरीला उचलायला दोन हात लागतात, चानकी एका पंजावर बसते. कोरडं पीठ थोडं जास्त टाका, बोटांनी थापत गेलात की ती परातीत आपोआप फिरते. हात तिच्याखाली सरकवण्याआधी परात टेबलाच्या कडेपर्यंत ओढा, म्हणजे चानकी काठावरून पंजावर घेता येते. तव्यावर टाकताना तवा मंद आचेवर. आधी तापवून मग घाबरत टाकण्यापेक्षा हे बरं. पाणी ओल्या फडक्याच्या बोळ्यानं फिरवा, उलथन्यानं उलटा, आणि आरावर न टाकता तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवा. माझ्या त्या लातूरच्या बाईंना पहिल्या तीन चानक्यांना तास लागला. तिसरी चानकी झाल्यावर त्यांनी परात बाजूला सारली आणि बराच वेळ पिठाच्या हाताकडे बघत बसल्या. त्यांची सून मला म्हणाली, “आजवर आईंनी हात धुवायला एवढा वेळ कधीच लावला नव्हता.”

चुलीपुढं बसण्याचा हट्ट तुम्ही सोडा, ही माझी विनंती. आरातला निखारा उजव्या हातावर पडला तर वास येईपर्यंत कळणार नाही. इंडक्शन शेगडी चांगली. ज्वाळा नाही, पदर पेटत नाही, भांडं उचललं की तापणं थांबतं. वरची काच मात्र भांड्याच्या उष्णतेनं गरम राहते, तिच्यावर हात टेकू नका. अल्युमिनियमचं, तांब्याचं भांडं चालत नाही, तळाला लोहचुंबक चिकटला तर चालतं. ही शेगडी 2000 वॅटपर्यंत वीज ओढते, म्हणून जाड वायरचा 16 अँपियरचा स्वतंत्र प्लग वायरमनकडून करून घ्या. कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वीज गेली की काम थांबणारच, तेव्हा गॅस लागेल. तो पेटवताना घरात दुसरं माणूस असू द्या. पदर खोचलेला, साडी सुती.

चिरायचं काम अर्धं सुताराचं आहे. जाड फळीत खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून टोकं वर काढायची, त्यात बटाटा, कांदा खोचला की तो धरायला हात लागत नाही. फळीच्या एका कोपऱ्यावर दोन पट्ट्या काटकोनात लावल्या की टोमॅटो तिथं अडवून चिरता येतो. काम झालं की खिळ्यांवर बाटलीचं बूच. खरं तर आपली विळीच एका हाताची आहे, पातं पायानं धरलेलं आणि भाजी ढकलायची, पण जमिनीवर बसायला लागतं म्हणून तिचा नाद सध्या नको. ठेचा खलबत्त्यात होतो, खाली फडकं टाकून.

पैशाचं थोडक्यात. वर सांगितलेलं बहुतेक सुतार, वेल्डर, शिंपी यांच्याकडून होतं. तरीही दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. अर्ज स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावर करायचा, नात करेल, तपासणी शासकीय रुग्णालयात होते. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं की बहुतेक योजना लागू होतात. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं हा तुमचा हक्क आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. ग्रामसभेत उभं राहून टेबल, खुर्ची, इंडक्शन लेखी मागा. तीनचाकी सायकलीची मागणी सगळ्यांना ठाऊक असते, चुलीची कुणी करत नाही, म्हणून ग्रामपंचायतीचा अधिकारी आधी गोंधळेल. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे 3000 रुपये एकदाच, आणि 65 वर्षं पूर्ण झालेल्यांना मिळतात, तुमचं वय त्यात बसत नाही.

बाळा, आता तुझ्या मैत्रिणीचं. तिच्या आईला सांग, न दिसणाऱ्या बायका जगभर रोज स्वयंपाक करतात, कानांनी आणि नाकानं. पाणी उकळायला लागल्याचा आवाज, मोहरी तडतडून थांबल्याचा आवाज, जिरं करपायच्या आधीचा वास हे तिला तुझ्यापेक्षा आधी कळेल. इंडक्शनची बटणं गुळगुळीत काचेवर असतात, बोटाला काही लागत नाही. चालू-बंदच्या जागेशेजारी एक टिकली चिकटव आणि आच वाढवायच्या जागेशेजारी दोन. गुळगुळीत टिकली नको, खड्याची आण. गॅस असेल तर भांडं आधी ठेवायचं, हातानं मधोमध आहे का बघायचं, मगच पेटवायचं. साखर-चहाचे डबे वेगळ्या आकाराचे, आणि घरात कुणीही त्यांची जागा बदलायची नाही, हे तिच्या भावालाही सांग. कपात चहा किती आला ते सांगणारं बोटभर यंत्र मिळतं, कपाच्या काठाला अडकवायचं, चहा त्याच्या तारांना लागला की वाजतं. ते येईपर्यंत कप मोरीत ठेवून ओतायचं, सांडलं तरी पायावर येत नाही. पहिल्या वेळी गार पाण्यानं दहा कप भरून घे, मग गरम.

आणि आजीच्या परातीखालची चुंबळ दर दोन चानक्यांनी हात लावून बघत जा. ती हळूहळू वाळते, आणि वाळली की परात पुन्हा फिरायला लागते.